अंडे काढून घ्यायचे आणि गोळी विकायची!

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने २०२५ सालच्या १५ ऑगस्टला शहरातील कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकाने चोवीस तास बंद ठेवण्याचे फर्मान काढले, तेव्हा बराच गदारोळ झाला. देश स्वातंत्र्य साजरे करणार आणि त्याच दिवशी आमच्या ताटात काय असावे हे पालिकेचा अधिकारी ठरवणार, हा विनोद लोकांना रुचला नाही. विरोधकांनी मटणाच्या पार्टीची घोषणा केली. सरकारातल्या एका उपमुख्यमंत्र्यांनीही असली बंदी योग्य नसल्याचे सांगितले. पालिकेने १९८८ सालच्या निर्णयाचा कागद पुढे केला आणि हात झटकले. त्या वेळी पालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यापासून प्रशासकाचे राज्य सुरू होते. जाब विचारायचा तो कोणाला?

वाद आहारस्वातंत्र्याचा झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्याला आणखी एक बाजू होती. तिच्याकडे ना बंदीच्या समर्थकांनी पाहिले, ना विरोधकांनी. ती बाजू आहे आमच्या रक्तातल्या साखरेची, पोटाच्या घेराची आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर पायांना येणाऱ्या मुंग्यांची.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठल्याही स्टेशनबाहेर पडा. स्कायवॉकच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर, लोकलच्या डब्यात एकच मजकूर दिसतो: शुगर कायमची घालवा, पोट कमी करा, औषधे बंद करा. त्याखाली मोबाईल नंबर. कुठे जिमची वर्गणी आणि तिच्यासोबत व्हिटॅमिनच्या डब्या, कुठे आठवड्याला एक इंजेक्शन, कुठे सलाईनमधून जीवनसत्त्वे. व्यायाम आणि व्हिटॅमिन यांची मोट बांधून चयापचय सुधारून देण्याचा हा धंदा गेल्या काही वर्षांत जोरात आला आहे. पूर्वी त्याचे गिऱ्हाईक घोडबंदर रोडच्या टॉवरमधले होते. आता ते कोळसेवाडीतले आहे, वागळे इस्टेटमधले आहे, मुंब्रा-कळव्यातले आहे. म्हणजे ते आमचे आहे. म्हणून या धंद्यात खरे किती आणि खोटे किती, याचा हिशेब आम्हाला मांडावा लागतो.

आधी आजाराचा आवाका पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना रक्तदाब, ३९ टक्क्यांहून अधिक लोकांच्या पोटावर चरबी. वाढलेला घेर, वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब, रक्तातली वाढलेली चरबी आणि चांगल्या कोलेस्टेरॉलची कमतरता या पाचांपैकी तीन गोष्टी एका माणसात आल्या की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचे तर खाल्लेल्या अन्नाचे काय करायचे हेच शरीराला कळेनासे होते. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या आत हवा. प्रत्येकाने आजच सुतळी घेऊन मोजावे, फी लागत नाही.

‘हा श्रीमंतांचा रोग, बसून खाणाऱ्यांचा रोग’ असे अजूनही आमच्या वस्त्यांत बोलले जाते. हे अर्धसत्य आहे आणि ते आम्हाला महागात पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्याचा मोठा भाग याच प्रश्नावर घालवला. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून सडपातळ, आतून चरबी. याचे मूळ आईच्या पोटात आहे, असे याज्ञिकांचे म्हणणे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. अर्धपोटी, राबणाऱ्या आईच्या पोटी लहान वजनाचे मूल जन्मते. त्याचे स्नायू कमी असतात, चरबी मात्र राखलेली असते. ते शरीर टंचाईसाठी तयार झालेले असते, पुढे त्याला वडापाव आणि खुर्ची मिळाली की साखर चढते.

आता हे आमच्या समाजाला लावून पाहा. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या शेतात, दुसऱ्यांच्या उष्ट्यावर गरोदरपण काढले, त्यांची नातवंडे आरक्षणामुळे रेल्वेत, बँकेत, मंत्रालयात, पालिकेत खुर्चीवर बसली. ती खुर्ची लढून मिळवलेली आहे, तिचा आम्हाला अभिमान आहे. पण दोन पिढ्यांत नांगरापासून संगणकापर्यंत आलेल्या शरीराने त्याची किंमत मोजली. आमच्या चळवळीतले किती कार्यकर्ते पन्नाशीत गेले, किती जण आज डायलिसिसवर आहेत, हे प्रत्येक शाखेने आपापल्या रजिस्टरात पाहावे. आणि जे अजूनही सडपातळ, उपाशी आहेत त्यांचीही सुटका नाही. कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाचा वर्ग जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली यादीतून काढून टाकला होता. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली त्याला ‘टाइप ५’ म्हणून पुन्हा मान्यता दिली. गरिबाच्या रोगाला नाव मिळायलासुद्धा पाव शतक वाट पाहावी लागते.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या वेदनांनी त्यांना शेवटची वर्षे किती छळले आणि डॉ. सविता आंबेडकरांनी त्यांच्या पथ्यपाण्यासाठी काय केले, हे चळवळीला माहीत आहे. माईंवर नंतर जे आरोप झाले त्यात आम्ही इथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की अठरा-अठरा तास टेबलाशी बसून संविधान लिहिणाऱ्या माणसाच्या आजाराची चर्चा आम्ही नेहमी कारस्थानाच्या अंगाने केली, आजाराच्या अंगाने क्वचितच.

तर मग व्यायामाने खरोखर काही होते का? होते. इथे विज्ञान अगदी स्पष्ट आहे. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर प्रयोग केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसता सल्ला देऊन घरी पाठवले त्यांच्यातल्या शंभरांपैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास भरभर चालायला आणि खाण्यात बदल करायला लावले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ वर आले. मेटफॉर्मिनची गोळी देऊनही आकडा तेवढाच, सुमारे ४० राहिला. गोळी आणि चालणे दोन्ही एकत्र दिले तरी आणखी फायदा दिसला नाही. अमेरिकेत २००२ साली झालेल्या मोठ्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि थोडे वजन कमी करणे एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. स्नायू हलला की तो रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढतो, असे याचे साधे कारण आहे. म्हणून जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यालाही किंमत आहे. आणि आमच्यासारख्या कमी स्नायूंच्या माणसांना नुसते चालणे पुरत नाही. जोर, बैठका, दंड, पाण्याची भरलेली कळशी उचलणे, स्नायू वाढेल असे काहीतरी आठवड्यातून दोन-तीनदा हवे. त्याला जिमची वर्गणी लागत नाही.

तथागतांनी चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, जे पाच लाभ सांगितले त्यात रोग कमी होणे आणि खाल्लेले नीट पचणे हे दोन आहेत. राजा प्रसेनजिताला अतिखाण्यावरून त्यांनी दिलेला उपदेशही पाली वाङ्मयात आहे. राजाने जेवण हळूहळू कमी केले आणि तो हलका झाला. विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांनी मिळून अर्धा तास चालायचे ठरवले तर धम्माच्या विरोधात काही होणार नाही.

आता व्हिटॅमिन. इथे मात्र बाजाराने घोळ घालून ठेवला आहे. नियम साधा आहे. शरीरात जे कमी आहे ते भरून दिले तर फायदा, जे पुरेसे आहे ते ओतत राहिले तर पैसा लघवीवाटे जातो, किंवा त्याहून वाईट काही होते. ‘डी’ जीवनसत्त्वाचेच पाहा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ लोकांना रोज ४,००० युनिट ‘डी’ देऊन अमेरिकेत चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. ‘डी’ घेणाऱ्यांत २४.२ टक्क्यांना मधुमेह झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांत २६.७ टक्क्यांना. हा फरक विज्ञानाच्या कसोटीवर ठोस मानता आला नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या अंगात ‘डी’ आधीच पुरेसे होते. २०२३ साली अशा तीन चाचण्यांची एकत्रित आकडेमोड झाली, तेव्हा धोका १५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. म्हणजे काही आहे, पण चालण्याच्या पासंगालाही पुरत नाही. ज्याच्या अंगात ‘डी’ खरोखर तळाला गेले आहे त्याला हाडांसाठी ते द्यावेच लागते. चाळीच्या अंधाऱ्या खोलीत किंवा दोन इमारतींच्या फटीतल्या घरात दिवस काढणाऱ्या आमच्या भगिनींना तर विशेष. पण ६० हजार युनिटची ती पुडी आठवड्याला एक याप्रमाणे महिनोन्महिने, कोणी न सांगता, शेजारणीने दिली म्हणून घेत राहिले तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडू शकते.

दुसरा दाखला तर थेट या ‘व्यायाम अधिक व्हिटॅमिन’ पॅकेजवरच बोट ठेवतो. जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. काहींना सोबत रोज १,००० मिलिग्रॅम ‘सी’ आणि ४०० युनिट ‘ई’ दिले, काहींना दिले नाही. २००९ साली निष्कर्ष आला: व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचा! व्यायामात शरीराला जो थोडा ताण बसतो त्यातूनच शरीर शिकते. गोळ्यांनी तो ताणच पुसून टाकला, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. पुढच्या सर्वच प्रयोगांत इतके ठाम उत्तर मिळाले नाही, हेही सांगायला हवे. पण जिमच्या काउंटरवर ‘सी’ आणि ‘ई’ ची डबी विकणाऱ्याने हा प्रयोग कधी ऐकला तरी आहे का?

आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. पालिकेतून निवृत्त, साखरेचा त्रास नऊ वर्षांचा. एका जिमने त्यांच्याकडून वर्षाचे पैसे एकरकमी घेतले, त्यात ट्रेनरच्या हातून इंजेक्शने आणि डब्या. साखरेची गोळी बंद करा, आमचा कोर्स पुरे आहे, असे तोंडी सांगितले. तीन महिन्यांनी पायाच्या जखमेसह ते रुग्णालयात. बोट कापावे लागले. पैशांची पावती मागितली तर ‘फिटनेस सेवा’ एवढेच लिहिलेले. कागद नसला की कोर्टात आमचे हात कसे बांधले जातात, हे त्यांना समजावताना आम्हालाच लाज वाटत होती. म्हणून सांगतो, महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ प्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाला वैद्यकी करताच येत नाही. ट्रेनरने सुई टोचणे हा गुन्हा आहे. मधुमेह, रक्तदाब, स्थूलपणा आणि हृदयरोग बरे करण्याच्या औषधी जाहिरातींना औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ ने बंदी आहे, त्यासाठी शिक्षा आहे. पतंजलीच्या प्रकरणात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने जाहीर माफीनामा छापायला लावला, तो अशाच जाहिरातींवरून. मग ठाण्या-डोंबिवलीच्या खांबांवरचे फलक अन्न व औषध प्रशासनाला का दिसत नाहीत?

बाजार खोटा असला तरी एक कमतरता मात्र खरी आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. ती आहे बी-१२ ची. हे जीवनसत्त्व भाजीत नाही, डाळीत नाही, तांदळात नाही. ते मटण, मासे, अंडी आणि थोडेफार दूध यांतूनच मिळते. ते कमी पडले की रक्त नीट बनत नाही, नसा झिजतात, पायांना मुंग्या येतात, विसरायला होते. याज्ञिकांच्या चमूने पुण्यातील ४४१ पुरुष तपासले. २००६ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते. त्यात खेडूत होते, झोपडपट्टीतले होते, शहरी मध्यमवर्गीय होते. सर्वांत जास्त कमतरता कोणात? शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के! शाकाहाऱ्यांना धोका ४.४ पट. ज्या आहाराला ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’ म्हणून डोक्यावर घेतले, त्याचा हा रक्ताचा अहवाल आहे.

२००८ साली याच चमूने आणखी एक गोष्ट दाखवली. गरोदर मातेच्या रक्तात फॉलेट भरपूर आणि बी-१२ कमी असेल तर तिचे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत अधिक चरबीचे आणि इन्सुलिनला दाद न देणारे होते. सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रीला लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात. त्या घ्यायलाच हव्यात, कोणी बंद करू नयेत. पण त्या गोळीत बी-१२ का नाही, हा प्रश्न या संशोधनाने उभा केला आहे. पुण्याच्या त्याच गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना २०१२ पासून बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. मात्रा किती, तर रोज फक्त २ मायक्रोग्रॅम. दुकानातल्या डबीवर १,५०० लिहिलेले असते! एका अंड्यात सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम असते. कलेजीत, सुकटीत, बोंबलात त्याहून कितीतरी अधिक.

आणि आता मधुमेहींनी कान देऊन ऐकावे. साखरेची पहिली आणि स्वस्त गोळी, मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षे घेतल्यावर शरीरात बी-१२ शोषले जाण्याचे प्रमाण घटते. औषध चांगले आहे, ते मनाने सोडू नये. पण पायाला मुंग्या आल्या की ‘साखर वाढली’ असे म्हणून मात्रा वाढवली जाते, आणि ज्यामुळे बी-१२ घटले तेच औषध आणखी दिले जाते. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ साली डॉक्टरांना याबाबत सावध केले. रुक्मिणीबाई, शास्त्रीनगर किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मेटफॉर्मिन घेणाऱ्या किती रुग्णांची बी-१२ तपासणी होते, हे माहितीच्या अधिकारात विचारायला हवे. कळव्यात ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसात १८ रुग्ण दगावले. तिथे बी-१२ कोण विचारणार, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, तिथेच विचारायचे. खासगी प्रयोगशाळेत या एका चाचणीला काही शे रुपये पडतात आणि ते ज्याच्याकडे नाहीत त्यालाच ती सर्वांत जास्त लागते.

या पार्श्वभूमीवर राज्यकर्त्यांचे निर्णय पाहा. मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती लागू झाली. गरिबाचे सर्वांत स्वस्त मांस, मोठ्याचे, ताटातून गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे सांगितले, ते स्वाभिमानासाठी. कोणाच्या तरी सोवळ्याला आमचे ताट बांधून द्यावे म्हणून नव्हे. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळांच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जे खात नाहीत त्यांना केळे. निर्णय उत्तम होता. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधी काढून घेतला आणि शाळांनी लोकवर्गणीतून अंडी द्यावीत असे सांगितले. कुठल्या शाळेला वर्गणी मिळणार? घोडबंदरच्या की मोहन्याच्या? बंद पडलेल्या एनआरसीच्या कामगारांच्या नातवंडांसाठी वर्गणी कोण काढणार? एकीकडे अंडे काढून घ्यायचे, मोठ्याचे बंद करायचे, सणावाराला दुकानांना टाळे लावायचे आणि दुसरीकडे तेच जीवनसत्त्व डबीत भरून हजार रुपयांना विकू द्यायचे. याला धोरण म्हणायचे असेल तर ते कोणाचे हे उघड आहे.

आमच्यातल्या नवमध्यमवर्गालाही दोन शब्द. चाळीतून फ्लॅटमध्ये गेल्यावर शेजाऱ्यांना वास येतो म्हणून सुकट बंद, सोसायटीच्या ग्रुपवर कोणी बोलते म्हणून मटण बंद, हे चालले आहे. स्वतःच्या विचाराने, करुणेने जो शाकाहारी झाला त्याचा आम्ही आदर करतो. त्याने दूध-दही घ्यावे, बी-१२ तपासावे आणि डॉक्टर सांगतील ती गोळी घ्यावी. पण भीतीने सोडलेल्या सुकटीला धम्माचे नाव देऊ नये.

राहता राहिला व्यायाम. चाला म्हणतात, पण कुठे आणि केव्हा? डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ४८ किलोमीटर, कल्याणहून ५४. सकाळी सातची लोकल आणि रात्री नऊला घर. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेली माणसे पडून मेली, त्या गाडीत चढण्यासाठी जो जीव खर्ची पडतो तो कुठल्या व्यायामात धरायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली सांगितले की भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. बाई घरात दिवसभर राबते आणि तरीही या मोजपट्टीत ती ‘निष्क्रिय’, कारण तिच्या वाट्याला मोकळे मैदान कधी आलेच नाही. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी आणलेल्या दुरुस्तीने १९४६ साली कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. कामगाराला माणूस म्हणून जगायला वेळ हवा, हे त्यामागचे तत्त्व. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्यास मान्यता दिली. बारा तास काम, तीन तास प्रवास, मग चालायचे ते झोपेत काय?

आणि जागा. ठाण्यात उपवन आहे, मासुंदा तलाव आहे, येऊरचा डोंगर आहे. सकाळी तिथे जाऊन पाहा, कोणत्या वस्तीतली माणसे दिसतात ते. डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडासंकुल आहे, कल्याणात सुभाष मैदान आहे. पण लाखोंच्या शहरांत ही नावे बोटांवर मोजता येतात. शहराच्या विकास आराखड्यात मैदानांची, बागांची आरक्षणे रंगवलेली असतात. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली दहा वर्षांत भूखंड संपादित झाला नाही तर मालक नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने पाऊल उचलले नाही तर आरक्षण रद्द होते. पालिका पैसे नाहीत म्हणून गप्प बसते आणि मैदान टॉवर होते. ज्या कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्या दाखवून ६५ इमारतींनी ‘रेरा’ची नोंदणी मिळवली आणि ज्या पाडायला नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, तिथे मैदानाची राखण कोण करणार? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बंगळुरूच्या मुद्दप्पा खटल्यात उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय बेकायदा ठरवला. रुग्णालय बांधायचे होते, तरी. मोकळी जागा हीसुद्धा लोकांच्या आरोग्याचीच तरतूद आहे, हे त्यामागचे कारण. संविधानाचा अनुच्छेद ४७ लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी मानतो. मांसबंदीचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याने तो वाचलेला दिसत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका होऊन दोन्ही महापालिकांत नगरसेवक आले आहेत. आता जाब विचारायला माणसे आहेत. आमच्या वस्त्यांतून निवडून गेलेल्यांकडे काही गोष्टी लेखी मागायच्या. आपल्या प्रभागात मैदानाची किती आरक्षणे आहेत आणि त्यांपैकी कितींवर कलम १२७ ची नोटीस आली आहे, याची यादी. मेटफॉर्मिन घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला पालिकेच्या रुग्णालयात वर्षातून एकदा बी-१२ ची मोफत चाचणी. पालिकेच्या शाळेत आठवड्याचे अंडे, पालिकेच्या तिजोरीतून. एका अंड्याला सात-आठ रुपये लागतात आणि नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या एका फलकाच्या खर्चात एक वर्ग वर्षभर खाईल. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर व रक्तदाब तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहेच. त्याचे शिबिर वस्तीत, रविवारी भरवायचे, लोक कामावर गेलेले असताना बुधवारी अकराला नाही. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही तर पहिले अपील त्याच कार्यालयात करता येते, त्याला २० रुपये फी लागते. अर्जाचा मसुदा ज्यांना हवा असेल त्यांनी आपल्या विहाराच्या कार्यकर्त्यांमार्फत कळवावे, आम्ही तो तयार करून देऊ.